नियमित सरावासाठी सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर कसे निवडावे

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चाप एकच काम करतो: ताणलेला घोडा, म्हणजे मागची हातोडी, सोडतो. घोडा ताणायचे काम प्रत्येक बाराला अंगठ्याने करायचे, आणि तो ताणताना काडतुसांची घरे असलेला सिलिंडर एक घर पुढे फिरून कुलूपबंद होतो. कोल्टने १८७३ साली अमेरिकी सैन्याला दिलेल्या सिंगल ॲक्शन आर्मीपासून ही रचना मुळात तीच राहिली आहे. हे मार्गदर्शन अमेरिकेत राहून महिन्यातून दोनदा रेंजवर जाणाऱ्यांसाठी आहे. दर फेरीला शंभर काडतुसे धरली तर वर्षाला २४०० बार होतात. इतक्या वापरात नुसते दिसायला देखणे रिव्हॉल्व्हर वर्षभरात दमते. मापे एकमेकांशी जुळलेले रिव्हॉल्व्हर मात्र वीस वर्षे चालते. म्हणून पॉलिश, नक्षी आणि नळीवर कोरलेले नाव यांच्याकडे सगळ्यात शेवटी पाहा.

त्याआधी एक कायदेशीर गोष्ट, कारण मराठी माणसे इथेच चुकतात. एच-१बी, एफ-१ अशा बिगर-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने शस्त्र आणि काडतुसे बाळगायला मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना. रेंजवर भाड्याने घेतलेले शस्त्र हातात धरणे हेसुद्धा बाळगण्यातच मोडते, त्यामुळे मित्राबरोबर सहज म्हणून जाण्याआधीही हा परवाना खिशात असला पाहिजे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. परवानाधारक दुकानदार रिव्हॉल्व्हर २१ वर्षे पूर्ण झालेल्यालाच आणि त्याच राज्यातल्या रहिवाशालाच देतो. कॅलिफोर्नियात विक्रीला मंजूर पिस्तुलांची सरकारी यादी असते. निदान पाच काडतुसांची, तीन इंच किंवा जास्त नळीची आणि एकूण साडेसात इंच लांबीची सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरे त्या यादीच्या अटीतून सुटतात. तिथल्या लोकांना म्हणूनच या प्रकारात निवड भरपूर मिळते. दहा दिवसांची थांबण्याची मुदत मात्र त्यांनाही चुकत नाही.

काडतूस आधी, रिव्हॉल्व्हर नंतर

वर्षाला २४०० काडतुसे लागणार असतील तर दोनेक वर्षांत दारूगोळ्याचा खर्च रिव्हॉल्व्हरच्या किमतीच्या पुढे जातो. म्हणून कॅलिबर, म्हणजे काडतुसाचे माप, आधी ठरवा.

.३५७ मॅग्नमच्या चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या घरात, .३८ स्पेशल चालते, आणि सरावासाठी याहून शहाणी निवड नाही. १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) शिशाची गोळी असलेले .३८ स्पेशल सव्वा किलोच्या आसपास वजनाच्या रिव्हॉल्व्हरमधून इतके मऊ सुटते की शंभर बारांनंतरही मनगट तक्रार करत नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते. .३८ चे कवच .३५७ पेक्षा आखूड असते, त्यामुळे त्याच्या तोंडापुढे चेंबरमध्ये काजळीचे आणि शिशाचे कडे जमते. दोन-तीनशे बारांनंतर लांब .३५७ आत बसत नाही, किंवा बसले तर झाडल्यावर निघत नाही. प्रत्येक फेरीनंतर चेंबरमधून .४० कॅलिबरचा पितळी ब्रश दहा वेळा फिरवला की कडे तयारच होत नाही.

.४५ कोल्ट हे या रिव्हॉल्व्हरांचे जन्मजात काडतूस. त्याची २५० ग्रेनची गोळी कागदावर मोठे, स्वच्छ भोक पाडते आणि धक्का टोचत नाही, ढकलतो. पण तयार काडतुसे महाग मिळतात, म्हणून घरी भरायची तयारी असेल तरच .४५ घ्या. घरी भरणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. कवच काळ्या दारूसाठी बेतलेले, म्हणजे खूप मोठे आहे. आजच्या जलद दारूचा हलका भार त्यात तळाशी पडून राहतो आणि चुकून दुप्पट भार पडला तरी तोही आत मावतो. गोळी बसवण्यापूर्वी पन्नासच्या पन्नास कवचांत बॅटरीचा उजेड टाकून दारूची पातळी पाहायची, यात कंटाळा चालत नाही. दुसरे असे की फार हलक्या भाराने दाब कमी येतो, कवच फुगून चेंबरला चिकटत नाही आणि काजळी मागे येऊन सिलिंडर जड फिरू लागतो. भार थोडा वाढवला आणि तोंडाचा क्रिंप (गोळीभोवती आवळलेली कवचाची कड) घट्ट केला की हे थांबते.

.२२ या छोट्या काडतुसासाठी रुगर कंपनीचे सिंगल-सिक्स हे वर्षानुवर्षांचे खात्रीचे नाव आहे. पहिलेच शस्त्र असेल तर इथून सुरुवात करणे उत्तम. २०१९ मध्ये आलेले रुगरचे रँग्लर त्याहून बरेच स्वस्त. फ्रेम ॲल्युमिनियमची आणि नेम धरायची साइट स्थिर असली तरी आतली कळ चोख आहे. .४४ मॅग्नम नियमित सरावाला घेऊ नये. पूर्ण ताकदीची शंभर काडतुसे झाडल्यावर हात बार होण्याआधीच दचकायला शिकतो, आणि ती सवय मोडायला महिने जातात.

घराणी

बाजारात दोन घराणी आहेत. एक कोल्टचे, ज्यात इटलीच्या युबर्टी आणि पिएट्टा यांनी बनवलेल्या प्रतिकृतीही येतात. दुसरे रुगरचे.

कोल्टच्या रचनेत चपट्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा असतात. घोडा ओढताना चार वेगळे टक्क आवाज येतात आणि हाताला जे लाघव जाणवते ते दुसऱ्या कशात नाही. चाप आणि बोल्ट (सिलिंडरला जागेवर अडकवणारा खटका) सांभाळणारी दुफळी पानस्प्रिंग आणि हँडची (सिलिंडर फिरवणाऱ्या पट्टीची) बारीक स्प्रिंग हे दोन भाग मात्र तुटतात. नेमके कधी ते सांगता येत नाही, पण भरपूर वापरात तुटतात. दोन्ही स्प्रिंगांचा जादा संच आणि समांतर धारेचे चांगले स्क्रूड्रायव्हर यांचा खर्च कोल्ट घराण्याच्या किमतीतच धरा. स्क्रूही ढिले होतात, म्हणून दर फेरीनंतर प्रत्येक स्क्रू तपासायचा. पाचराच्या आकाराच्या साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांच्या खाचा फाटतात.

रुगरमध्ये सगळ्या स्प्रिंगा गुंडाळीच्या तारेच्या आहेत. त्या सहसा तुटत नाहीत. १९७३ पासूनच्या रुगरांत ट्रान्सफर बार असतो: चाप पूर्ण ओढलेला असेल तेव्हाच ही पट्टी घोड्याचा घाव फायरिंग पिनपर्यंत, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या टोकापर्यंत, पोचवते. त्यामुळे सहाही घरे भरून वापरता येते. कोल्ट आणि तिच्या पारंपरिक प्रतिकृतींमध्ये फायरिंग पिन घोड्यालाच असते. घोडा खाली असताना ती काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) टेकून राहते आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडले तर बार होऊ शकतो. तिथे नेहमी पाचच काडतुसे भरायची, घोडा रिकाम्या घरावर. घोड्याला असलेल्या ‘सेफ्टी’ खाचेवर विसंबू नका. ती खाच ठोक्याने तुटते.

रुगरमध्ये ब्लॅकहॉकला मागची साइट फिरवून जुळवता येते. न्यू व्हाकेरो २००५ साली आले, त्याचा आकार कोल्टच्या जवळचा आहे आणि साइट स्थिर आहेत. कागदावर नेमके गट (एकमेकांजवळ लागलेले बार) मारायचे असतील, वेगवेगळी काडतुसे वापरायची असतील तर ब्लॅकहॉक. काउबॉय सामन्यांना जायचे असेल तर न्यू व्हाकेरो किंवा युबर्टी, कारण तिथे जुन्या धाटणीचे शस्त्र लागते. १९८७ साली स्थापन झालेल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या सामन्यांत बहुधा दोन रिव्हॉल्व्हरे, प्रत्येकात पाच काडतुसे असा हिशोब असतो. एका नव्या कोल्टच्या किमतीत दोन युबर्टी येतात, त्यामुळे तिथे युबर्टी का जास्त दिसतात ते कळते. वायोमिंगमधल्या फ्रीडम आर्म्सची रिव्हॉल्व्हरे या सगळ्यांपेक्षा बारीक मापात बनतात आणि किमतीतही सगळ्यांच्या वर असतात.

एक धोका वेगळा सांगायला हवा. .४५ कोल्टसाठी ‘फक्त रुगर’ असे लिहिलेली जोरदार काडतुसे मिळतात. ती मोठ्या फ्रेमच्या ब्लॅकहॉकसाठी आणि २००५ पूर्वीच्या जुन्या व्हाकेरोसाठी आहेत. न्यू व्हाकेरोवर रुगरचेच नाव असले तरी त्याची फ्रेम आणि सिलिंडर लहान आहेत. ती काडतुसे न्यू व्हाकेरोत, कोल्टमध्ये किंवा युबर्टीत घातली तर सिलिंडर फुटू शकतो.

दुकानातली दहा मिनिटे

सोबत फीलर गेज न्या. मोटरसायकलचे टॅपेट लावायला वापरतात तेच, फक्त ०.००२ इंचापासून पाने असलेले. शिवाय एक लहान बॅटरी आणि तुम्ही वापरणार त्या व्यासाच्या पाच-सहा सुट्या गोळ्या, नुसत्या गोळ्या, काडतुसे नव्हेत. दुकानदाराला आधी विचारा. मग लोडिंग गेट (काडतुसे घालायचे झाकण) उघडून सहाही घरे रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि करंगळीच्या टोकाने खात्री करा. नळी कायम सुरक्षित दिशेला.

पहिली तपासणी सिलिंडर पूर्ण फिरतो का याची. सिलिंडरला बोटाने हलका अडसर द्या आणि घोडा अगदी सावकाश मागे न्या. घोडा शेवटच्या खाचेत बसण्याआधी, फार तर त्याच क्षणी, बोल्ट सिलिंडरच्या खाचेत टक्कन पडला पाहिजे. घोडा पूर्ण ताणला गेला आणि सिलिंडर अजून केसभर मागे असेल तर हँड आखूड किंवा झिजलेला आहे. मग गोळी नळीच्या तोंडात तिरकी शिरते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. हे सहाही घरांवर करायचे, कारण पाच बरोबर आणि एक चुकीचे असे रिव्हॉल्व्हर नेहमी सापडते. नंतर घोडा झपाट्याने ताणून तेच पाहा. सिलिंडर खाच ओलांडून पुढे गेला तर बोल्ट उशिरा पडतो किंवा त्याची स्प्रिंग कमजोर आहे.

दुसरी तपासणी: बोल्ट पडतो कुठे? सिलिंडरवर प्रत्येक खाचेआधी एक उतरती वाट कोरलेली असते. बोल्ट त्या वाटेत पडायला हवा. त्याआधी पडला तर तो पृष्ठभागावर घासत जातो आणि सिलिंडरभोवती गोल ओरखडा उमटतो. वापरलेल्या रिव्हॉल्व्हरवर तो ओरखडा दिसला की नेहमीची कारणे दोन: टायमिंग बिघडले आहे, किंवा आधीचा मालक कोल्टचा घोडा अर्ध्या खाचेवरून (काडतुसे भरताना घोडा जिथे थांबतो तिथून) परत खाली सोडत होता. अर्ध्या खाचेवरून घोडा कधीही खाली सोडायचा नाही. आधी पूर्ण मागे न्यायचा, मगच उतरवायचा.

तिसरी तपासणी नळी आणि सिलिंडर यांच्यातल्या फटीची. सिलिंडर मागे दाबून फट मोजा, मग पुढे दाबून मोजा. मागे दाबल्यावर ०.००४ ते ०.००६ इंच म्हणजे उत्तम. ०.००३ पेक्षा कमी असेल तर साठेक बारांनंतर काजळीने सिलिंडर अडतो. लोक घट्ट फटीला चांगले समजून फसतात, पण शिशाच्या गोळ्या मारणाऱ्याला ०.००५ ची फट ०.००२ पेक्षा जास्त सुख देते. ०.००८ च्या पुढे गेली तर वेग घटतो आणि वायू बाजूला जोरात फेकला जातो. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे खेळ. तो ०.००१ ते ०.००३ असावा. ०.००५ च्या वर गेला तर प्रत्येक बाराला सिलिंडर फ्रेमवर हातोड्यासारखा आपटतो आणि खेळ वाढतच जातो. वॉशर घालून दुरुस्ती होते, पण नवे रिव्हॉल्व्हर या दोषासह घेऊ नका.

चौथी तपासणी चापाची. घोडा पूर्ण ताणून चापाला हात न लावता अंगठ्याने घोड्याला पुढे ढकला, चांगल्या जोराने. तो सुटला तर कुणीतरी खाच घासली आहे. असे शस्त्र तिथेच परत करा. नव्या रुगरचा चाप चारेक ते पाच पौंडांवर सुटतो. सरावाला अडीच ते साडेतीन पौंड छान, पण तिथे पोचायला खाच घासू नये. कळ साफ करून, मुख्य स्प्रिंग १७ ते १९ पौंडांची लावून बरेच साधते. त्याहून मऊ स्प्रिंग लावली की कडक प्रायमर फुटत नाहीत, आणि मग लोक उगाच काडतुसांना दोष देतात.

थ्रोट: सगळ्यात दुर्लक्षित माप

प्रत्येक चेंबरच्या पुढच्या टोकाला एक अरुंद भाग असतो, त्याला थ्रोट म्हणतात. गोळी आधी त्यातून जाते, मग नळीत शिरते. नेम चांगला लागतो की नाही हे नळीच्या लांबीपेक्षा याच मापावर अवलंबून असते. थ्रोट नळीच्या आतल्या पीळदार खाचांच्या व्यासाएवढा किंवा अर्धा-एक हजारांश इंच मोठा हवा. .४५ कोल्टला नळी ०.४५१ आणि थ्रोट ०.४५२ हे आदर्श. रुगरच्या .४५ रिव्हॉल्व्हरांत थ्रोट ०.४४९-०.४५० इतके अरुंद असल्याची तक्रार जुनी आहे. मग काय होते? ०.४५२ ची शिशाची गोळी थ्रोटमध्ये आवळली जाते, नळीत गेल्यावर खाचांपर्यंत पोचत नाही, कडेने तापलेला वायू निसटतो आणि शिसे वितळून नळीला चिकटते. पन्नास बारांत नळी राखाडी दिसू लागते आणि २५ यार्डांवरचा गट मुठीएवढ्याचा ताटाएवढा होतो.

दुकानात तपासायला सिलिंडर काढून घ्या आणि गोळी पुढच्या बाजूने थ्रोटमध्ये ठेवा. पेन्सिलीने हलके ढकलल्यावर ती सरकली तर माप बरोबर. बोटाने जोर देऊनही शिरत नसेल तर अरुंद, आपोआप पडली तर सैल. सहाही थ्रोट एकसारखे आहेत का हे जास्त महत्त्वाचे. सगळेच सारखे अरुंद असतील तर गनस्मिथ रीमर फिरवून मोकळे करतो, काम तासाभराचे आहे. सैल थ्रोटवर उपाय फक्त मोठ्या व्यासाची गोळी किंवा नवा सिलिंडर.

मूठ आणि नळी

नांगराच्या मुठीसारखी वळलेली मूठ धक्क्याने तळहातात वर गडगडते. ती तशीच चालू द्यायची, तिला आवळून अडवायची नाही. मोठा हात असेल तर करंगळी मुठीखाली घ्या. चाप-रक्षकाची मागची कड मधल्या बोटाच्या पेरावर आपटत असेल तर लाकडी पट्ट्या बदलून पाहा, किंवा बिसली नावाच्या, जास्त उभ्या मुठीचे मॉडेल घ्या. नळी कोल्टमध्ये पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंचांची मिळते. पावणेपाच तोल छान देते आणि कमरेच्या होल्स्टरमधून पटकन निघते. साडेसातमध्ये दोन साइटमधले अंतर जास्त, म्हणून कागदावर सोपी. दोन्हींत मन अडकले असेल तर साडेपाच घ्या, पश्चात्ताप होत नाही.

वापरलेले घेताना

नळीतून उजेड पाहताना एखादी काळी कडी दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे. सिलिंडरपुढच्या नळीच्या तोंडाला सहा वाजल्याच्या जागी भेग नाही ना ते पाहा. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर वायूने कोरलेली बारीक रेघ मात्र घाबरण्यासारखी नसते, ती थोडी कोरली जाते आणि थांबते. बेस पिन, म्हणजे सिलिंडरचा आस, धक्क्याने पुढे सरकते का हे विचारा. सरकत असेल तर सिलिंडर अडतो, आणि तिच्या कळीची स्प्रिंग बदलावी लागते.

फ्रेमच्या बाजूला तीन स्क्रू असलेले रुगर हे १९७३ पूर्वीचे. त्यात मूळचा ट्रान्सफर बार नसतो, पाचच काडतुसे भरायची. रुगर कंपनी ते फुकट बसवून देते आणि जुने भाग परत पाठवते. १८९६ पूर्वीचे, बेस पिन समोरून तिरक्या स्क्रूने धरलेले कोल्ट काळ्या दारूसाठी आहे. त्यात आजची धूरविरहित दारू मुळीच नको.

साइट जुळवणे

स्थिर साइटचे रिव्हॉल्व्हर पहिल्या दिवशी मध्यावर लागत नाही, आणि तो दोष नाही. पुढचे पाते मुद्दाम उंच ठेवलेले असते म्हणून बार खाली लागतात. घाईने कानस काढू नका. आधी कायमचे काडतूस ठरवा, कारण गोळीचे वजन बदलले की उंची बदलते: जड गोळी वर लागते, हलकी खाली. मग टेकू घेऊन २५ यार्डांवर पाच-पाचचे तीन गट मारा आणि मध्यबिंदूतला फरक मोजा. तो फरक गुणिले मागच्या आणि पुढच्या साइटमधले अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. तीन इंच खाली लागत असेल, साइटमधले अंतर साडेसहा इंच असेल तर ३ गुणिले ६.५ भागिले ९०० म्हणजे ०.०२२ इंच, अर्ध्या मिलिमीटरहून जरासे जास्त. त्यातले निम्मेच घासा, पुन्हा तीन गट मारा, मग उरलेले घासा. गट मध्याच्या जरा खाली असतानाच थांबा, पात्याच्या कडा मोडा आणि उघड्या पोलादावर कोल्ड ब्लू (पोलाद काळपट करणारे रसायन) लावा.

डावी-उजवीकडचा फरक नळी फिरवून काढतात, आणि त्याला पकड आणि फ्रेमचा साचा लागतो. बार डावीकडे लागत असतील तर काम सोपे, कारण नळी आणखी आवळली जाते. उजवीकडे लागत असतील तर ती ढिली करावी लागते. तसे नवे रिव्हॉल्व्हर घासाघासी करण्याआधीच कारखान्याकडे परत पाठवा. पाते एकदा घासले की दुरुस्तीचा खर्च ते मान्य करतीलच असे नाही.